गाडीत पाणी येतंय: गळती शोधायला शिकणाऱ्यांसाठी

मृग लागला की कोकणातल्या गॅरेजात एक तक्रार हमखास येते: "पायाखालचं मॅट ओलं होतंय, काचांवर आतून वाफ धरतेय." नवीन पोरं या कामापासून लांब राहतात. इंजिनाची तक्रार असली तर स्कॅनर लावता येतो, कोड वाचता येतो. पाणी कुठून आलं हे मात्र स्कॅनर सांगत नाही. रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे राहून हे काम केल्यावर माझं ठाम मत झालंय की गळती शोधायला शिकलेला मुलगा चार महिन्यांच्या पावसात कधी रिकामा बसत नाही. हत्यारंही फार लागत नाहीत. चिकाटी लागते आणि सिलंटच्या (फट बुजवायच्या लेपाच्या) ट्यूबला हात न लावण्याचा संयम लागतो.

कारण पाणी जिथे दिसतं तिथून ते क्वचितच शिरलेलं असतं. पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून आलेलं पाणी खांबाच्या आतून उतरतं, डॅशबोर्डच्या मागून वाट काढतं आणि पॅडलजवळ निघतं. गाडी चढावर उभी असेल तर तेच पाणी कार्पेटखालून सरकत मागच्या सीटखाली जाऊन बसतं. मागचं कार्पेट ओलं दिसलं म्हणून मागच्या दरवाजाचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, बदललं, तर ग्राहकाचे पैसे जातात आणि गळती तशीच राहते.

म्हणून पहिलं काम बोलण्याचं. गाडी उभी असताना ओली होते की चालवताना? पाऊस नसतानाही होते का? एसी लावल्यावर? घरी गाडी उतारावर लावता का, झाडाखाली लावता का? आणि सगळ्यात महत्त्वाचं: गेल्या वर्षभरात गाडीवर काय काम झालंय? काच बदलली, स्पीकर बसवले, फॉग लॅम्पची वायर आत घेतली, मागून ठोकर बसून डेंटिंग झालं, यातलं काहीही निघालं तर शोध तिथूनच सुरू करा.

मग पाणी ओळखा. पांढरा कागद टेकवून रंग बघा, बोटावर घेऊन चोळून बघा, वास घ्या. चव घेऊ नका, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) विषारी असतं. चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट, म्हणजे हीटरची कॉइल किंवा तिचा पाइप गळतोय. अशा गाडीत पुढच्या काचेवर आतून तेलकट थरही धरतो. स्वच्छ, बिनवासाचं पाणी क्लीनर बाजूला, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या सीटकडे, आणि तेही एसी चालवल्यावरच येत असेल, तर कूलिंग कॉइलचा ड्रेन पाइप तुंबलाय. आपल्याकडच्या दमट हवेत एसी तासाभरात लिटरभर पाणी सहज काढतो. गाडीखाली थेंब पडत नसतील तर ते पाणी आत साचतंय, हे उघड आहे. मातकट, पाल्याचा वास असलेलं पाणी असेल तर ते पावसाचं.

गाडी सेकंडहँड असेल तर आधी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. 2021 च्या जुलैत चिपळूणला आलेला पूर आमच्या भागात सगळ्यांना आठवतो. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. ती दिसली तर ग्राहकाला तिथेच स्पष्ट सांगा. त्या गाडीचा प्रश्न एका गळतीपुरता नसतो.

कार्पेट उचलल्याशिवाय पुढे जाऊ नका. वरून कोरडं वाटलं तरी खालच्या फोमने कित्येक लिटर पाणी धरलेलं असू शकतं. सीट काढायची असेल तर आधी बॅटरीची वायर सोडा आणि काही मिनिटं थांबा, कारण सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगच्या सर्किटचे असतात. हायब्रिड गाडीत नारिंगी केबल दिसली तर तिला हात लावू नका, ती हाय व्होल्टेजची असते.

आता पाण्याची टेस्ट. मोटार कंपन्या नवी गाडी कारखान्यातून सोडण्याआधी शॉवर टेस्ट घेतात, तेच आपण साध्या पाइपने करायचं. दोघं हवेत: एक बाहेर पाइप घेऊन, एक आत टॉर्च घेऊन. आतून ट्रिम (पत्र्यावरची आवरणं) उघडून पत्रा पूर्ण पुसून कोरडा करा आणि संशयाच्या सांध्याखाली टाल्कम पावडरची पातळ रेघ मारा. पाणी आलं की पावडर कापत जातं, मागे वाट दिसते. पाइपला नोझल लावू नका, पाणी नुसतं वाहू द्या. जेट वॉश तर अजिबात नको; तो चांगल्या बीडिंगमधूनही पाणी आत ढकलतो आणि नसलेली गळती दाखवतो. सुरुवात खालून करा, उंबऱ्यापासून, आणि हळूहळू वर जा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या सांध्यांवरून ओघळतं आणि कोणता गळतोय ते कळत नाही. एका जागी पाच-दहा मिनिटं थांबा. नवशिक्यांना हे थांबणं सगळ्यात जड जातं. दोन मिनिटांत पाइप पुढे सरकतो आणि आधीच्या जागेचं पाणी पुढच्या जागेच्या नावावर जातं. गाडी घरी उतारावर लागत असेल तर टेस्टलाही तशीच तिरकी उभी करा.

पाण्याने सापडलं नाही तर हवा वापरा. काचा बंद, ब्लोअर फुल, बाहेरची हवा आत घेणारा मोड. मग बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. फट असेल तिथे बुडबुडे येतात. मागच्या बंपरआड हवा बाहेर सोडायच्या झडपा असतात, तिथून हवा येणारच. त्यांना आधी टेप लावून टाका.

आमच्याकडे सगळ्यात जास्त सापडणारी जागा म्हणजे वायपरखालचा काऊल, म्हणजे पुढच्या काचेच्या तळाशी जाळीखाली असलेली पन्हळ. गुलमोहराची, चिंचेची बारीक पानं जाळीतून आत पडतात, कुजतात आणि दोन्ही बाजूंची भोकं बुजवतात. मग पाणी चढून ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. केबिन फिल्टर ओला निघाला तर इथेच बघा. जाळी काढून हाताने पाला उपसा, पाणी ओतून दोन्हीकडून खाली पडतंय याची खात्री करा.

दरवाजाची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. काचेवरचं पाणी दरवाजाच्या पोकळीत जातंच. कंपनीने ते धरूनच रचना केलेली असते. खाली भोकं असतात, तिथून ते बाहेर पडतं. पोकळी आणि आतलं पॅड यांच्यामध्ये ब्यूटाइलने (चिकट रबरी टेपने) चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा असतो. पॉवर विंडोचं किंवा स्पीकरचं काम करणारे तो फाडतात, नाहीतर नुसता टेकवून पॅड लावतात. त्यानंतर प्रत्येक पावसात पाणी पडद्याच्या बाहेरून पॅडमागे उतरतं आणि उंबऱ्यावरून कार्पेटमध्ये जातं. तुम्ही दरवाजा उघडाल तेव्हा जुनं ब्यूटाइल काढा, पत्रा पुसा, नवीन टेप अखंड फिरवा आणि पडद्याची खालची कड पोकळीच्या आत सोडा. खालची भोकं आमच्याकडे तांबड्या मातीने बुजतात. ती प्लॅस्टिकच्या केबल टायने साफ करा. स्क्रू-ड्रायव्हरने रंग खरवडला की दोन पावसांत गंज धरतो.

डिकीत स्टेपनीखाली पाणी असेल तर टेल लॅम्पचं गॅस्केट, डिकीचं बीडिंग, छताच्या पट्टीखालचा सांधा आणि अँटेनाचा तळ बघा. एकाला डिकीत टॉर्च घेऊन बसवायचं असेल तर मागची सीट पाडून ठेवा, वाट मोकळी असू द्या. सनरूफच्या नळ्या चारही कोपऱ्यांतून उतरतात. मऊ नायलॉनच्या दोरीने मोकळ्या करा, कॉम्प्रेसरची हवा मारून नको, कारण जोड आतल्या आत सुटतो.

सिलंटबद्दल माझं मत कडक आहे. पाणी आत येताना डोळ्यांनी पाहिलं नसेल तर ट्यूब उघडायची नाही. आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्यावर कधीच नाही, त्यातल्या आम्लाने गंज धरतो. काचेच्या कडेतून गळत असेल तर वरून लेप देऊ नका. काच काढा, खालचा गंज साफ करा, प्रायमर मारा आणि पॉलियुरेथेनने पुन्हा बसवा. ट्यूबवर लिहिलेला वेळ संपेपर्यंत गाडी ग्राहकाला द्यायची नाही, तो कितीही घाईत असला तरी.

शोधण्याची मजुरी वेगळी सांगा, तीही गाडी उघडण्याआधी. यात अर्धा दिवस जातो आणि शेवटी निघतो मूठभर पाला. त्या मूठभर पाल्याचे एवढे पैसे कसे, असं ग्राहकाला वाटू नये म्हणून जॉब कार्डवर टेस्टचा खर्च आधी लिहा. जिथून पाणी येत होतं तिथला मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दुरुस्तीनंतर त्याच जागी, तेवढाच वेळ, शक्यतो ग्राहकासमोर पुन्हा पाणी सोडा. फोम बाहेर काढून पंख्याखाली वाळवा. पावसाळ्यात दोन-तीन दिवस लागतात. तो आतपर्यंत सुकल्याशिवाय कार्पेट बसवू नका, नाहीतर बुरशीचा वास येतो आणि खालचे कनेक्टर हिरवे पडतात.