कागद कापायचं मशीन घेताय? आधी भिंत मोजा

२०१८ साली थर्माकोलवर बंदी आली आणि लालबागच्या आमच्या खोलीत जाड कागदाच्या मखरांचं काम सुरू झालं. दोन गणपती हाताने कापले, बोटांना घट्टे पडले, तेव्हा संगणकावरून नक्षी पाठवली की ब्लेडने कागद कापणारं मशीन आणलं. टेबल भिंतीला टेकवून त्यावर ठेवलं. कापताना मॅट, म्हणजे कागद चिकटवायची चिकट पाटी, पुढे-मागे धावते, हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच कमानीला ती मागे भिंतीवर आपटली, कागद सरकला आणि जाळीची अख्खी ओळ तिरकी गेली. म्हणून सांगते, आधी टेप घ्या. बारा इंच लांबीच्या मॅटला मशीनच्या मागे फूटभर मोकळी जागा हवीच, चोवीस इंचीला त्याहून जास्त.

मग तुम्ही काय बनवणार ते ठरवा. पाकिटं, नावाच्या चिठ्ठ्या, छोटी लेबलं एवढंच असेल तर क्रिकट कंपनीचं साडेचार इंच रुंदीपर्यंत कापणारं जॉय पुरतं. सिल्हूट कंपनीचं पोर्ट्रेट आठ इंचापर्यंत कापतं. मखर, आकाशकंदील, लग्नपत्रिका करायच्या तर बारा इंचाखाली जाऊ नका. क्रिकटची एक्सप्लोर आणि मेकर, सिल्हूटचं कॅमिओ ही सगळी त्या मापाची आहेत. त्यांना चोवीस इंच लांबीची मॅट घेतली की जवळजवळ दोन फुटी खांब जोड न देता निघतो, आणि मखरात जोड दिसला की माझा जीव तुटतो.

दुकानदार ताकदीचा आकडा पुढे करतात. अडीचशे जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये) कार्डशीटला एक्सप्लोर पुरेसं आहे. मेकरची जादा ताकद बाल्सा नावाचं हलकं लाकूड आणि चिपबोर्ड म्हणजे जाड पुठ्ठा यांच्यासाठी. ते कापणार नसाल तर ते पैसे मॅट आणि ब्लेडसाठी ठेवा, कारण झिजतात त्याच दोन गोष्टी.

सॉफ्टवेअरची चौकशी मात्र कसून करा. क्रिकटच्या सॉफ्टवेअरला खातं उघडावं लागतं आणि त्याचा बराचसा कारभार इंटरनेटवर चालतो. सिल्हूटचं सॉफ्टवेअर, सिल्हूट स्टुडिओ, इंटरनेटशिवाय चालतं, पण फुकटच्या आवृत्तीत एसव्हीजी फाइल (तयार नक्ष्या बहुधा याच प्रकारात मिळतात) उघडत नाही, त्याला पैसे भरून वरची आवृत्ती घ्यावी लागते. हाताने काढलेल्या नक्ष्या खूप असतील तर ब्रदरचं स्कॅन एन कट बघा, त्यात स्कॅनर आतच असतो. आणि वर्षभर एकच आकार कापायचा असेल तर हाताने फिरवायचं डाय मशीन (धातूच्या साच्याने कागद दाबून कापणारं) घ्या, विजेचं नकोच.

घेण्याआधी मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या कागदबाजारातून तुम्ही नेहमी वापरता तोच कागद घेऊन दुकानात जा. दुकानातल्या गुळगुळीत कागदावर सगळीच मशीनं छान कापतात. इंचभर आंब्याचं पान कापून मागा आणि टोक बघा. तिथे कागदाचे तंतू उसवले असतील तर ब्लेड बोथट आहे किंवा दाब चुकलाय. दाब बदलून पुन्हा कापायला लावा.

कापलेला कागद मॅटवरून ओढून काढू नका, त्याची गुंडाळी होते. मॅट उलटी धरा, कागद टेबलावर दाबून ठेवा आणि मॅट वाकवत मागे सोलत न्या. नाजूक जाळीसुद्धा सपाट राहते.

आपल्याकडे जुलैत कागद दमट होतो, कडा वर उचलतात, ब्लेड त्यात अडकतं. गणपतीचा कागद मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात वरच्या खणात ठेवते, लागेल तेवढाच बाहेर काढते आणि चारही कडांना मास्किंग टेप लावूनच मॅट आत सरकवते.