उघड्यावर उभी स्पोर्ट्‌स कार आणि पावसाळ्याची ओल : या चुका टाळा

मुंबई-ठाण्याच्या बहुतेक सोसायट्यांत बंद गॅरेज मिळत नाही, त्यामुळे हौसेने घेतलेली दोन आसनी गाडी जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत उघड्या पार्किंगमध्येच दिवस काढते. अशा गाडीचे नुकसान थेट पावसापेक्षा आत कोंडलेल्या ओलीमुळे अधिक होते, आणि ती ओल पुष्कळदा मालकानेच काळजीपोटी कोंडलेली असते.

सर्वांत घातक चूक निळ्या ताडपत्रीची. पाऊस उघडून ऊन पडले की जमिनीतून उठणारी वाफ ताडपत्रीखाली अडकते, रात्री पत्रा गार झाला की तिचे पाणी होते, आणि हे चक्र रोज चालू राहते. सकाळी कोपरा उचलून पाहावा : आतल्या बाजूला थेंब लोंबत असतात. म्हणून हवा खेळू देणारे, आतून मऊ अस्तराचे आणि गाडीच्या मापाचेच कव्हर घ्यावे. ते धुळीने माखलेल्या किंवा ओल्या गाडीवर कधीही चढवू नये, कारण सैल कव्हर वाऱ्याने फडफडू लागले की तीच धूळ रंगावर पॉलिश पेपरासारखी फिरते. मातीवर किंवा गवतावर गाडी उभी करणेही टाळावे; फरशी अथवा काँक्रीट बरे.

कापडी छताच्या गाड्यांत दुसरी चूक डोळ्यांना दिसतच नाही. छताच्या मागच्या कडेला जमणारे पाणी दोन नळ्यांतून खाली उतरते, आणि झाडाखाली उभ्या गाडीत त्या नळ्या पानांनी व चिखलाने तुंबतात. (गुलमोहराची सावली उन्हाळ्यात कितीही हवीशी वाटली, तरी जूनमध्ये त्याच्या पाकळ्यांचा लगदा होतो.) तुंबलेले पाणी मग आसनांमागून गालिच्याखाली शिरते. पोर्शेच्या पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये कुलूप व अलार्म सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक युनिट आसनाखाली असल्याने अशा पाण्याने ते निकामी होते आणि गाडी सुरूच होत नाही. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक नळीत पेलाभर पाणी हळूहळू ओतून ते गाडीखाली पडते का, हे पाहावे. न पडल्यास जाड नायलॉनची दोरी हलक्या हाताने आत सरकवावी. लोखंडी तार खुपसल्यास नळी फाटते किंवा निसटते.

तिसरी चूक ‘रोज पाच मिनिटे इंजिन सुरू करून ठेवण्याची’. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरते तापण्याआधीच बंद केल्यास त्यातले बरेचसे पाणी सायलेन्सरमध्ये साचून तो आतून गंजतो, काही अंश ऑइलमध्ये मिसळतो, आणि सुरू करताना खर्ची पडलेली बॅटरीही भरून निघत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा पाऊस थांबलेला असताना अर्धा तास गाडी चालवावी. ते शक्य नसेल, तर बॅटरीला आपोआप थांबणारा मेंटेनर चार्जर लावावा. पूर्ण भरलेली, काही तास विसावलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते.

आतल्या कुबट वासावर सुगंधी डबी हा उपाय नव्हे. गालिचा उचलून खालचा फोम दाबून पाहावा, कारण वरून कोरडा वाटणारा गालिचा खाली भिजलेला असू शकतो. तो सुकल्यावरच ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या ठेवाव्यात. मात्र त्यांत साठणारे खारे पाणी चामड्यावर किंवा पत्र्यावर सांडू देऊ नये.

शेवटची चूक माझी स्वतःची. एका ऑगस्टमध्ये धुतलेली गाडी हँडब्रेक ओढून तीन आठवडे तशीच उभी ठेवली, तेव्हा पॅड डिस्कला गंजून चिकटले. गाडी मागे-पुढे करताना ‘खट्ट’ असा आवाज होऊन ते सुटले खरे, पण पॅडचा एक पापुद्रा डिस्कवरच राहिला आणि दोन्ही बदलावे लागले. तेव्हापासून गाडी धुतली की आधी सोसायटीभोवती एक फेरी मारून ब्रेक कोरडे करतो, मग सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावतो आणि हँडब्रेक सोडून देतो.