मुलाचं गणित नेमकं कुठे अडतंय? मेंदूविज्ञानाच्या मदतीने शोधायचं कसं

"आमच्याकडे कोणालाच गणित येत नाही हो" असं म्हणून आपण मोकळे होतो, आणि मूल शेजारी उभं राहून ते ऐकत असतं. पण मेंदूत गणित नावाचं एकच बटण नाहीये, की ते बंद पडलं म्हणजे सगळंच संपलं. त्यामुळे दुसरी-तिसरी-चौथीतल्या मुलासोबत बसणार असाल तर आधी शिकवू नका, आधी कुठे अडतंय ते बघा.

फ्रेंच संशोधक स्तानिस्लास देहान यांनी १९९२ मध्ये एक मॉडेल मांडलं, ते आपल्याला इथे फार उपयोगी पडतं. संख्या आपल्या मेंदूत तीन रूपांत असते असं ते म्हणतात. एक म्हणजे "किती", म्हणजे प्रमाणाची जाणीव, हे काम मुख्यतः डोक्याच्या वरच्या-मागच्या भागात दोन्ही बाजूंना असलेल्या इंट्रापरायटल सल्कस नावाच्या खाचेजवळ चालतं. दुसरं म्हणजे संख्येचं नाव, ते बहुतेकांच्या डाव्या बाजूच्या भाषेच्या भागांत. आणि तिसरं म्हणजे लिहिलेला आकडा, जो मेंदूचे बघण्याचे भाग ओळखतात. गणित करताना या तिघांमध्ये सतत ये-जा चालू असते आणि यातला एखादा रस्ता कच्चा असला तरी बाहेरून दिसतं एवढंच, की उत्तर चुकलं.

तर हे तीन रस्ते वेगवेगळे तपासा. शेंगदाण्याच्या दोन ढिगांपैकी जास्त कुठे आहेत ते न मोजता विचारा. मग ४७ हा आकडा दाखवून वाचायला सांगा, मग तोंडी "सत्तेचाळीस" म्हणा आणि लिहायला सांगा, मग काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या देऊन सत्तेचाळीस मांडायला सांगा. ढिगांमध्ये बहुतेक मुलं पास होतात, कारण ही जाणीव फार लवकर येते. कॅरेन विन यांनी १९९२ मध्येच दाखवलं होतं की ५ महिन्यांच्या बाळांना पडद्यामागे एक बाहुली आणि मग आणखी एक ठेवलेली दाखवली आणि पडदा हटवल्यावर एकच निघाली, तर ती जास्त वेळ बघत राहतात. आणि हो, ८ आणि ९ मध्ये मोठा कोणता हे सांगायला ३ आणि ९ पेक्षा जास्त वेळ लागतो, तो मोठ्या माणसांनाही लागतो, हे १९६७ पासून माहीत आहे, तेव्हा तिथे "लवकर सांग" करू नका.

मराठी मुलांची खरी गाडी अडते ती नाव आणि आकडा यांच्या मधल्या रस्त्यावर. एकोणतीस म्हटलं की मूल ३९ लिहितं आणि आपण लक्ष नाही म्हणून ओरडतो. पण त्याने नीट ऐकलंय म्हणूनच ते चुकलंय, कानावर "तीस" पडलं आणि एकोणीसमुळे एकोण म्हणजे ९ असतील असं त्याने ताडलं. शिवाय आपण पंचवीस म्हणताना आधी पाच मग वीस म्हणतो आणि लिहिताना आधी २ मग ५. चिनी भाषेत अकरा म्हणजे सरळ दहा-एक, त्यामुळे चीनमधली छोटी मुलं अकरा-बारा-तेराच्या टप्प्यात अमेरिकन मुलांपेक्षा कमी अडखळतात, असं १९९५ च्या एका तुलनेत दिसलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, पार विधानसभेत. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी तेव्हा मुलांची अडचण शांतपणे समजावून सांगितली होती आणि माझ्या मते त्यांचा मुद्दा रास्त होता. जुनी नावं टाकून द्यायची गरज नाही, बाजारात, घरात तीच चालतात, पण काही आठवडे दोन्ही सोबत म्हणा: "सत्तेचाळीस, म्हणजे चाळीस आणि सात". एकोणतीससाठी "तीसला एक कमी" असं म्हणत तीन गठ्ठ्यांतून एक काडी काढून दाखवा, ते बघितलं की मूल सहसा विसरत नाही.

आता समजा हे रस्ते ठीक आहेत, तरी वजाबाकी चुकते. मग वर्किंग मेमरीकडे, म्हणजे काम करता करता गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवणाऱ्या आठवणीकडे बघा. डोक्यातली ही जागा म्हणजे छोट्या स्वयंपाकघराचा ओटा, नवीन भांडं ठेवलं की आधीचं खाली पडतं. नेल्सन कोवन यांच्या २००१ च्या मांडणीनुसार मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण ४ गोष्टीच धरून ठेवता येतात, मुलांना त्याहून कमी. ५२ वजा २७ करताना मुलाला काय काय धरावं लागतं बघा: दोनातून सात जात नाहीत, म्हणून दशक सुटा करायचा, पाचाचे चार झाले, दोनाचे बारा झाले, बारातून सात गेले किती, अरे सात होते की पाच? त्यात आपण मागून विचारतो "अरे चिन्ह बघितलंस का?" आणि सगळं सांडतं. इथे गप्प बसणं हीच मोठी मदत. प्रत्येक पायरी लिहू द्या, आणि नवीन प्रकार शिकवताना आधी पूर्ण सोडवलेलं उदाहरण द्या, मग शेवटची पायरी रिकामी ठेवलेलं, मग दोन पायऱ्या रिकाम्या. बोटं वापरली तरी चालतील! मोठी मुलं बोटं न हलवता वजाबाकी करतात तेव्हाही बोटांशी संबंधित मेंदूचे भाग जागे होतात, असं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलंय.

ओटा मोकळा ठेवायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे बारातून सात गेले किती हे मोजावं न लागता आठवणं. स्टॅनफर्डचे विनोद मेनन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ७ ते ९ वर्षांच्या मुलांमध्ये हेच घडताना पाहिलं, बोटांवरून आठवणीकडे जाताना हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या आठवणी तयार करणाऱ्या भागाचा, वाटा वाढतो. म्हणून पाढे पाठ करणं जुनाट वगैरे अजिबात नाही, आजोबांची पावकी-निमकी-दिडकी याच कामाची होती. फक्त पाढा गाणं म्हणून पाठ होतो आणि मग सात आठे विचारलं की मूल सात एकेपासून सुरू करतं, ते टाळा. मधूनच, उलटसुलट विचारा, "सात आठे?", "नऊ सक?", मग "छप्पन्न कशात येतात?". आणि पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवायला लावलं की जास्त टिकतं, शिवाय एका जागी तासभर बसवण्यापेक्षा रोज दहा मिनिटं बरी. बेरीज-वजाबाकी-गुणाकार मिसळून द्या, एकाच प्रकारची वीस गणितं दिली की मूल विचार न करता पुढे पळतं.

सापशिडी खेळता ना? सिग्लर आणि रामानी यांनी २००८ मध्ये छोट्या मुलांना ओळीत १ ते १० आकडे असलेला बोर्ड गेम दिला, एकूण तासाभराच्या खेळाने त्यांची आकड्यांची समज वाढली. नंतर शंभरपर्यंतच्या बोर्डवर एक बारकावा कळला. सोंगटी २६ वर आहे आणि ३ पडले, तर "एक, दोन, तीन" म्हणून सरकवणाऱ्या मुलांना फारसा फायदा झाला नाही, पण "सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस" म्हणणाऱ्यांना झाला. घरी हा नियमच करून टाका.

भीतीचं काय? गणिताची भीती असलेल्यांच्या मेंदूत नुसतं गणित येणार म्हटल्यावरच वेदनेशी संबंधित भाग जागे होतात, हे लायन्स आणि बायलॉक यांनी २०१२ मध्ये दाखवलं, आणि ती काळजी वर्किंग मेमरीच खाते. म्हणून घड्याळ लावून सराव नको. तुम्हाला स्वतःला गणिताची धडकी भरत असेल तर रोज गृहपाठाला बसू नका, २०१५ च्या एका अमेरिकन अभ्यासात अशा पालकांनी वारंवार मदत केली तेव्हा पहिली-दुसरीतली मुलं वर्षभरात कमी शिकली आणि त्यांची भीती वाढली. आत्या, काका, मोठी ताई कोणीही शांत माणूस बघा. भीती जाते, तिसरीतल्या मुलांना ८ आठवडे एकेकाला वेगळं बसवून शिकवल्यावर घाबरणाऱ्या मुलांच्या अमिग्डालाची, म्हणजे मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागाची, खळबळ कमी झालेली स्कॅनमध्ये दिसली.

मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन, उजवा मेंदू-डावा मेंदू असल्या क्लासेसना मात्र एक रुपयाही देऊ नका, त्यामागे विज्ञान नाही. आणि मुलाचा स्कॅनही काढायला जाऊ नका, स्कॅनवरून कोणत्या मुलाला काय शिकवायचं ते कळत नाही, ते त्याच्या वहीतूनच कळतं.

हे सगळं काही महिने नीट करूनही शेंगदाण्याचे ढीगसुद्धा गोंधळात टाकत असतील, छोटे आकडेही बोटं मोजल्याशिवाय कळत नसतील, तर डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे आणि गणित समजण्यातली खास अडचण, असू शकतो, साधारण ३ ते ७ टक्के मुलांना असतो आणि त्याचा हुशारीशी संबंध नाही. शाळेच्या समुपदेशकांशी बोला, तपासणी करून घ्या, मुंबईत सायन हॉस्पिटलसारख्या महापालिकेच्या ठिकाणीही ती होते, आणि सर्टिफिकेट मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत सवलती असतात, त्यामुळे दहावीपर्यंत थांबू नका.