एंड-सेमचा अभ्यास आखताना एआय चॅटची मदत कशी घ्यावी

एंड-सेमला, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला, पाच आठवडे उरले की बरीच मुलं चॅटजीपीटी किंवा जेमिनाय उघडतात आणि लिहितात, ‘मला डीबीएमएसच्या अभ्यासाचं वेळापत्रक करून दे.’ (डीबीएमएस म्हणजे डेटाबेसचा विषय.) क्षणात देखणा तक्ता येतो. सोमवारी युनिट १, मंगळवारी युनिट २, रविवारी उजळणी. त्यात कॉलेजची वेळ नसते, सबमिशन नसतं, बसचा दीड तास नसतो. चौथ्या दिवशी तक्ता कोलमडतो आणि मुलगा स्वतःलाच आळशी ठरवतो. खरं तर त्या साधनाला ना त्याचा पेपर माहीत असतो, ना त्याचा दिवस. या दोन गोष्टी नीट सांगितल्या, तर हेच साधन फार कामाचं आहे. धाकट्या भावाबरोबर बसून मी हे एक अख्खं सत्र केलं, म्हणून उदाहरण त्याचंच घेते: पुणे विद्यापीठ, तिसरं वर्ष कॉम्प्युटर, २०१९ पॅटर्न (म्हणजे २०१९चा अभ्यासक्रम आणि परीक्षेची पद्धत).

मोबाइल उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या. त्यावर प्रत्येक पेपरची तारीख, ओरल-प्रॅक्टिकलच्या तारखा आणि बाकी राहिलेली जर्नल्स लिहा. मग विषयवार प्रत्येक युनिटपुढे एक शब्द: ‘येतं’, ‘अर्धवट’ किंवा ‘कोरं’. इथे स्वतःशी खोटं बोलू नका. लेक्चरला बसलो होतो म्हणजे युनिट येतं, असं नसतं.

आता पॅटर्न सांगा. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. २०१९ पॅटर्नमध्ये पहिली दोन युनिट्स सत्राच्या मधल्या ३० गुणांच्या परीक्षेला, म्हणजे इन-सेमला, येतात आणि ७० गुणांची एंड-सेम तिसऱ्या ते सहाव्या युनिटवर असते. हे सांगितलं नाही, तर चॅट सहाही युनिट्सना सारखे दिवस वाटून मोकळं होतं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. एंड-सेमला प्रश्न १ किंवा २, ३ किंवा ४ अशा जोड्या असतात आणि एक जोडी एकाच युनिटवरची असते. म्हणजे एक युनिट ऑप्शनला टाकलं की १७-१८ गुण हातचे गेले. वेळ कमी आहे म्हटल्यावर चॅट ‘अवघड युनिट सोडून द्या’ असं अगदी समजूतदारपणे सुचवू शकतं. तुमचा पॅटर्न वेगळा असेल, तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुमच्याच वर्षाच्या सिलॅबसची पीडीएफ उतरवून चॅटला जोडा.

मग असं लिहा: ‘मी तिसऱ्या वर्षाला आहे. सोबत सिलॅबस, परीक्षेच्या तारखा आणि प्रत्येक युनिटची माझी स्थिती देतोय. कॉलेजच्या दिवशी मला रात्री २ तास मिळतात, पीएलमध्ये (परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत) दिवसाला ६. वेळापत्रक लगेच करू नकोस. आधी तुला काय कळलेलं नाही ते विचार. मग एकूण तास मोजून दाखव.’ शेवटची तीन वाक्यं गाळू नका. सगळा फरक त्यांनी पडतो.

तासांचा हिशेब मात्र स्वतः पडताळा. आमचा असा होता: कॉलेजचे २१ दिवस गुणिले २ म्हणजे ४२ तास, पीएलचे १४ दिवस गुणिले ६ म्हणजे ८४. एकूण १२६. घरी पाहुणे येतात, ताप येतो, जर्नलच्या सह्या राहतात. म्हणून पाचवा हिस्सा बाजूला काढला आणि १०० तास खरे धरले. समोर पाच विषयांची मिळून २० युनिट्स. प्रत्येकी ५ तास धरले तर तिथेच १०० संपतात आणि जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला काहीच उरत नाही. मग युनिटमागे ४ तास केले, म्हणजे ८०, आणि अडीच तासांच्या ८ प्रश्नपत्रिकांना २०. ‘येतं’ असलेल्या युनिटचे दोन तास ‘कोरं’ असलेल्याला दिले. हा आकडा डोळ्यांसमोर आला तेव्हा भावाचा चेहरा आधी पडला, पण त्याच रात्री तो पुस्तक घेऊन बसला.

तयार झालेला आराखडा वहीत उतरवून घ्या. तारीख आणि वार जुळतात का ते कालनिर्णयवर पाहा, कारण चॅट तिथे सहज चुकतं. संभाषण लांबलं की सुरुवातीला सांगितलेलं त्याच्या हातून निसटू लागतं. म्हणून दर आठवड्याला नवं चॅट सुरू करून वहीतला ताजा आराखडा त्यात टाका. रोज झोपण्यापूर्वी दोन ओळी पुरतात: ‘आज ट्रान्झॅक्शनचं युनिट निम्मं झालं, उद्या ओरल आहे. पुढचे तीन दिवसच बदल, बाकी हलवू नकोस.’ दर वेळी सगळं नव्याने आखायला सांगितलं, तर आखणीतच रात्र जाते.

आखणीपेक्षाही मोठा उपयोग आहे तो परीक्षक म्हणून. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवणारे पुढे गेले. म्हणून युनिट झालं की नोट्स मागू नका. म्हणा, ‘नॉर्मलायझेशनवर मला एकेक प्रश्न विचार. माझं उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. चुकलो तर आधी इशारा दे, उत्तर नंतर.’ समजावणं मराठीत मागा, पण संज्ञा इंग्रजीतच ठेवायला सांगा, कारण पेपर त्या भाषेत लिहायचा आहे. एखादं उत्तर मात्र वहीवर, पेनने, घड्याळ लावून लिहा. त्याचा फोटो चॅटला देऊन ‘यात कोणता मुद्दा राहिला?’ असं विचारता येतं.

‘या वर्षीचे इम्पॉर्टंट प्रश्न सांग’ हे मात्र विचारू नका. प्रश्नपत्रिका दिल्याच नसतील तर ते अंदाजाने यादी करतं आणि ती यादी खात्रीच्या सुरात सांगतं. झेरॉक्सवाल्याकडून मागच्या चार-पाच परीक्षांचे पेपर आणा, त्यांचे स्वच्छ फोटो द्या आणि प्रश्न युनिटवार लावून घ्या. मग त्यातले चार-दोन प्रश्न मूळ पेपरवर आहेत का ते तपासा. थिअरी ऑफ कम्प्युटेशनमध्ये जास्तच सावध राहा. चॅटने काढलेला ऑटोमॅटा (स्ट्रिंग, म्हणजे चिन्हांची ओळ, स्वीकारायची की नाकारायची ते ठरवणारी आकृती) बरोबर दिसतो, पण स्वीकारायला हव्यात अशा दोन स्ट्रिंग आणि नाकारायला हव्यात अशा दोन त्यावर हाताने चालवून पाहिल्याशिवाय वहीत घेऊ नका. शंका उरली तर सरांना किंवा मॅडमना विचारा. ओरलही त्यांच्यासमोरच द्यायची आहे.

या सगळ्याला पैसे लागत नाहीत, मोफत आवृत्ती पुरते. फक्त हॉल तिकीट, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) किंवा आधारचा फोटो चॅटमध्ये टाकू नका. आराखड्याला त्यातलं काहीच लागत नाही. पेपरच्या आदल्या दिवशी संध्याकाळनंतर नवं काही विचारायचं नाही. आपल्या हाताने लिहिलेली उत्तरं एकदा वाचायची, पेनं आणि हॉल तिकीट पिशवीत ठेवायचं आणि वेळेवर झोपायचं.