जुनं लाकूड सागवानच आहे का, कसं ओळखायचं

जुन्या वाड्याचं लाकूड वखारीतून घेताना वरच्या काळपट रंगावर अजिबात जाऊ नका, तो धुराचा नाहीतर पॉलिशचा असतो. एका कोपऱ्यावर रंधा मारा किंवा धारदार पटाशीने पातळ कपची काढा आणि लगेच वास घ्या, नंतर तो उडतो. सागाला चामड्यासारखा वास येतो आणि बोट फिरवलं की तेलकट, मेणचट लागतं. शिसवीचा वास गोडसर, आतून जांभळट तपकिरी, त्यात काळ्या रेघा आणि वजनाला चांगलीच भारी. फणस ताजा कापला की पिवळाधमक, पुढे तपकिरी होत जातो. आणि हो, टोकाची बाजू साफ कापून ओली करून भिंगातून बघा, सागात वर्षाच्या वलयावर मोठ्या छिद्रांची ओळ स्पष्ट दिसते, माझा सगळ्यात जास्त भरवसा यावरच आहे.