ओहिप आहे, पण दातांचं काय? मेंबरशिपमधून विमा घेण्याआधी

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात येऊन हेल्थ कार्ड हातात पडलं की बऱ्याच जणांना वाटतं, आता आजारपणाच्या खर्चाची चिंता मिटली. डॉक्टरची आणि हॉस्पिटलची मिटते, हे खरंच आहे. पण ओहिप, म्हणजे ओंटारिओ सरकारचा आरोग्य विमा, दात बघत नाही. फार्मसीतून घरी आणलेल्या गोळ्यांचे पैसे देत नाही. वय २० ते ६४ च्या मधलं असेल तर नेहमीची डोळेतपासणीही २००४ पासून आपल्याच खर्चाने. (मधुमेह असेल तर मात्र वर्षातून एकदा ती ओहिपवर होते. आपल्याकडे किती घरांत मधुमेह आहे ते बघता हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. खूप जण उगाच पैसे भरत असतात.) चष्मा, फिजिओ, मसाज बहुतेकदा खिशातून. ॲम्ब्युलन्स आली तर ४५ डॉलरचं बिल घरी येतं.

ज्यांना पर्मनंट नोकरी आणि तिच्याबरोबर बेनिफिट्स आहेत त्यांना फारसा विचार करावा लागत नाही. प्रश्न बाकीच्यांचा आहे. कॉन्ट्रॅक्टवर काम करणारे आयटीवाले, स्वतःची छोटी कंपनी काढलेले, एजन्सीतर्फे वेअरहाउसमध्ये जाणारे, दोन अर्धवेळ नोकऱ्या करून घर चालवणारे. यांना कधी ना कधी एक पत्रक मिळतंच: अमुक संघटनेचे सभासद असाल तर हेल्थ-डेंटल विमा खास दरात. युनिव्हर्सिटीच्या माजी विद्यार्थ्यांसाठी असा विमा असतो, इंजिनिअरांच्या संस्थेचा असतो, कॉस्टकोच्या सभासदांसाठी असतो, लहान धंदेवाल्यांसाठी चेंबर ऑफ कॉमर्सचा प्लॅन असतो. यांतले काही खरोखर चांगले आहेत. तरीही पत्रक बघून लगेच सही करू नका असं मी म्हणते, आणि त्याचं कारण हप्ता नाही.

कारण असं आहे. विकत घेतलेला विमा सरकारी सोयींच्या वर चढतोच असं नाही. काही वेळा तो त्यांना बाजूला सारून त्यांच्या जागी बसतो.

मुलांच्या औषधांचं बघा. ओंटारिओत २४ वर्षांपर्यंतच्या मुलांना ओहिप प्लस आहे. हजारो औषधं फुकट, ना हप्ता ना वाटा. अट एकच: त्या मुलावर औषधांचा खासगी विमा नको. आणि इथे ‘खासगी विमा’चा अर्थ फार ताणलेला आहे. तुमच्या प्लॅनने ते नेमकं औषध दिलं नाही, तुम्हाला २० टक्के भरावे लागले किंवा वर्षाची मर्यादा संपून गेली, तरीही तुमच्याकडे विमा आहे असंच धरतात. म्हणजे दम्याचा पंप लागणाऱ्या मुलाला हौसेने फॅमिली प्लॅनमध्ये घातलं की काल फुकट मिळणाऱ्या पंपाचे आज तुम्ही बहुधा थोडे तरी पैसे देणार, वर त्याचा हप्ताही भरणार. नोकरीतून विमा मिळत असेल तर तुमच्या हातात फारसं नसतं. पण स्वतः विकत घेताना मुलांचं नाव घालायचं की नाही, हे तुम्हीच ठरवता. काही प्लॅन मुलांना औषधांशिवाय, फक्त दातांसाठी घेऊ देतात. ते विचारून घ्या.

आता दात. केंद्र सरकारची दातांची योजना, म्हणजे कॅनेडियन डेंटल केअर प्लॅन, २०२४ च्या मे महिन्यात सुरू झाली. आधी ज्येष्ठांना आणि मुलांना मिळाली, मग २०२५ मध्ये सगळ्या वयोगटांना खुली झाली. कुटुंबाचं समायोजित निव्वळ उत्पन्न (टॅक्स रिटर्नवरून काढलेलं, नवरा-बायको दोघांचं मिळून) ९० हजार डॉलरच्या आत हवं. ७० हजारांच्या आत असेल तर योजनेच्या दरानुसार तुमचा वाटा शून्य, ७० ते ८० हजारांत ४० टक्के, ८० ते ९० हजारांत ६० टक्के. डेंटिस्टचा स्वतःचा दर त्या दराहून जास्त असेल तर वरचा फरक तुम्हाला द्यावा लागतो, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच ‘योजनेपेक्षा जास्त लावता का?’ असं विचारायचं. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

नुकत्याच आलेल्या कुटुंबांत पहिली एक-दोन वर्षं उत्पन्न बहुतेकदा या मर्यादेच्या आतच असतं, म्हणून ही योजना नवीन आलेल्यांसाठी फार मोलाची आहे. पण तिला दोन कुलुपं आहेत. पहिलं टॅक्सचं. नवरा-बायको दोघांनीही मागच्या वर्षाचं रिटर्न भरलेलं हवं आणि त्याची असेसमेंट, म्हणजे टॅक्स खात्याने रिटर्न तपासून पाठवलेलं पत्र, हातात हवी. ‘बायकोला उत्पन्नच नव्हतं, मग तिचं कशाला भरायचं?’ हे मी इतक्या घरांत ऐकलंय! भरा. शून्य असलं तरी भरा. चाइल्ड बेनिफिटसाठीही तेच लागतं. आणि दरवर्षी भरा, कारण योजनेचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि नूतनीकरण नव्या रिटर्नवर होतं.

दुसरं कुलूप तुमच्या पत्रकाचं. दातांचा विमा मिळण्याची सोय असलेल्यांना ही योजना मिळत नाही. नोकरीतून, जोडीदाराच्या नोकरीतून, व्यावसायिक संस्थेतून किंवा विद्यार्थी संघटनेतून विमा उपलब्ध असेल, तर तुम्ही तो घेतला नाही तरी तो ‘आहे’ असंच मोजतात. ‘हप्ता परवडत नाही म्हणून घेतला नाही’ हे चालत नाही. स्वतः विकत घेतलेला विमाही मोजतात. म्हणजे ९० हजारांच्या आत उत्पन्न असलेल्या घराने आधी दातांचा विमा घ्यायचा आणि मग सरकारी योजनेचा अर्ज करायचा, हा क्रम साफ उलटा आहे. नोकरी असेल तर टी-४ वरचा (मालक दरवर्षी टॅक्ससाठी देतो त्या पगाराच्या स्लिपवरचा) ४५ नंबरचा चौकोन बघा. त्यात १ असेल तर मालकाकडून दातांचा विमा नाही, २ म्हणजे फक्त तुम्हाला, ३ म्हणजे जोडीदार आणि मुलांनाही. ४ आणि ५ म्हणजे अनुक्रमे फक्त जोडीदार किंवा फक्त मुलं तुमच्याबरोबर. तो आकडा चुकीचा पडला असेल तर पेरोलकडून दुरुस्त करून घ्यायला लाजू नका, कारण सरकार तोच आकडा बघतं.

हे सगळं तपासून झालं, आणि विमा घ्यायचाच असं ठरलं, तर पत्रक उघडा. बहुतेक जण आधी दातांचं पान बघतात. मी म्हणते, ते शेवटी बघा, पण नीट बघा.

परवाच एका नवीन जोडप्याच्या घरी बसून आम्ही असं एक पान वाचलं. पहिल्या वर्षी माणशी कमाल ७०० डॉलर, ७० टक्के दराने. म्हणजे पूर्ण ७०० मिळवायचे तर आधी १००० चं बिल व्हायला हवं, आणि ३०० आपले. क्राउन, ब्रिज, रूट कॅनाल पहिल्या वर्षी नाही. त्यांना नेमकी एक दाढ दुखत होती आणि तिच्यासाठीच विमा घ्यायचा होता. मग मी त्यांना डेंटिस्टच्या बिलाची कागदपट्टी दाखवली. प्रत्येक ओळीला पाच आकडी कोड असतो. ०१२०२ म्हणजे नेहमीची तपासणी. १११११ म्हणजे दातांवरचं कीटण काढायचं एक युनिट, आणि एक युनिट म्हणजे १५ मिनिटं. ११११२ म्हणजे दोन, ११११३ म्हणजे तीन. तुमच्या प्लॅनमध्ये वर्षाला किती युनिटं आहेत ते विचारा. आयुष्यात पहिल्यांदा दात साफ करून घेणाऱ्याला भरपूर युनिटं लागतात, आणि स्वस्त प्लॅन तिथेच हात आखडतो. शिवाय ओंटारिओ डेंटल असोसिएशन दरवर्षी दरपत्रक काढतं. प्लॅन चालू वर्षाच्या दराने पैसे देतो की जुन्या, तेही बघा. मोठं काम असेल तर डेंटिस्टला आधी कंपनीकडे अंदाज पाठवायला सांगा आणि लेखी उत्तर आल्याशिवाय खुर्चीत बसू नका.

हिशोब मांडला की दिसतं ते असं: समजा चौघांचा हप्ता महिन्याला २५० डॉलर, म्हणजे वर्षाचे ३०००. नुसत्या दातांच्या साफसफाईतून तेवढं परत येणं कठीण. डेंटलचा भाग हा बराचसा आपलेच पैसे आधी भरून नंतर थोडे थोडे परत घेण्याचा प्रकार आहे. खरा विमा औषधांच्या पानावर असतो. रूट कॅनालने माणूस कर्जबाजारी होत नाही, पण महिन्याला हजार-दोन हजार डॉलरचं इंजेक्शन कायमचं मागे लागलं तर होतो. तेव्हा औषधांची वार्षिक मर्यादा किती, हा माझा पहिला प्रश्न. ती ५०० किंवा ७५० असेल, तर मोठ्या संकटात तो विमा तुमच्या कामाचा नाही. त्या वेळी ट्रिलियम आठवा: ओंटारिओ सरकारची ही योजना घराच्या निव्वळ उत्पन्नाच्या साधारण ४ टक्के खर्च तुम्ही केल्यावर यादीतल्या औषधांचा भार उचलते, पुढे प्रत्येक प्रिस्क्रिप्शनला फार तर २ डॉलर. खासगी विमा असेल तर आधी तो वापरावा लागतो, इतकंच. नेहमीच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी दोन-तीन फार्मसींची डिस्पेन्सिंग फी, म्हणजे औषध काढून देण्याचा आकार, विचारून बघा, तिच्यात बराच फरक असतो. कॉस्टकोच्या फार्मसीत औषध घ्यायला मेंबरशिप लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं.

मेंबरशिपच्या विम्यातही दोन जाती आहेत. एका जातीत तब्येतीचे प्रश्न विचारत नाहीत, सगळ्यांना घेतात. हप्ता जास्त, मर्यादा कमी. दुसरीत प्रश्नावली असते, मर्यादा चांगल्या असतात, पण आधीच्या आजाराची औषधं वगळतात किंवा नकारच देतात. ‘ग्रुप’ लिहिलंय म्हणजे सगळ्यांना घेतात, असं समजू नका. आणि प्रश्नावली भरताना पुण्यात किंवा नागपुरात झालेलं निदानही लिहायचं. ‘तिकडचे रिपोर्ट यांना कुठे दिसणार?’ हा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. ऐकू नका. इथल्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत तुम्ही ‘आठ वर्षांपासून शुगर आहे’ असं सांगता, तो ते लिहून ठेवतो, आणि मोठा क्लेम आला की कंपनी ते कागद मागवते. माहिती लपवली म्हणून पॉलिसीच रद्द होऊ शकते, आणि तेव्हा दुसरं कोणी सहजासहजी घेत नाही.

तारखांचंही असंच. नोकरी सुटली तर तिच्यातला विमा संपल्यापासून साधारण ६० दिवसांत, काही कंपन्यांत ९० दिवसांत, प्रश्न न विचारता मिळणारे प्लॅन असतात. ले-ऑफच्या धक्क्यात हे दिवस कसे निघून जातात ते कळत नाही. घरात कोणाला चालू औषधं असतील तर रिझ्युमे दुरुस्त करायच्या आधी तो फोन करा.

संघटना स्वतः विमा देत नाही, तिच्यामागे मॅन्युलाइफसारखी कंपनी असते. म्हणून विचारायचं: मेंबरशिप बंद केली तर पॉलिसी चालू राहते का? वयाच्या कोणत्या टप्प्यांवर हप्ता वाढतो? सभासदत्वाची वर्गणी धरूनही हा प्लॅन त्याच कंपनीच्या थेट मिळणाऱ्या प्लॅनपेक्षा स्वस्त आहे का? ओंटारिओत ग्रुप विम्याच्या हप्त्यावर ८ टक्के विक्रीकर लागतो, वैयक्तिक आरोग्य विम्यावर लागत नाही. ‘सभासदांना सवलत’ कधीकधी त्या ८ टक्क्यांतच विरून जाते. स्वतःची कंपनी असेल तर चेंबरचा प्लॅन मात्र जरूर बघा, अगदी छोट्या धंद्यांनाही तो मिळतो.

नवरा-बायको दोघांकडेही विमा असेल तर मुलांचा क्लेम आधी कोणाकडे? ज्याचा वाढदिवस कॅलेंडरमध्ये आधी येतो, त्याच्या प्लॅनकडे. वय नाही, फक्त महिना आणि तारीख. उरलेले पैसे मग दुसऱ्याच्या प्लॅनकडे मागायचे. दोन्हीकडे मिळून बिल पुरं होऊ शकतं, म्हणून दुसरा क्लेम टाकायचा कंटाळा करू नका.

भारतातून येणाऱ्या आई-बाबांना यातला कुठलाही प्लॅन चालत नाही, कारण त्यासाठी आधी प्रांताचं हेल्थ कार्ड लागतं. सुपर व्हिसासाठी, म्हणजे आई-बाबांना इथे दीर्घकाळ राहू देणाऱ्या व्हिसासाठी, किमान १ लाख डॉलरचा, किमान एक वर्षाचा तातडीच्या उपचारांचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

आणि पावत्या ठेवा. स्वतः भरलेला हप्ता, डेंटिस्टचं बिल, चष्मा, औषधं, सगळं टॅक्समध्ये ३३०९९ या ओळीवर वैद्यकीय खर्च म्हणून दाखवता येतं. निव्वळ उत्पन्नाचे ३ टक्के किंवा त्या वर्षी ठरवलेली रक्कम, यांतलं जे कमी त्याच्या वरचा भाग मोजतात. म्हणून नवरा-बायकोपैकी कमी उत्पन्न असलेल्याच्या रिटर्नवर तो दाखवणं बहुधा फायद्याचं ठरतं, फक्त त्या व्यक्तीला भरायचा टॅक्स असायला हवा.