दवाखान्याची उधारी कायद्यात राहून कशी वसूल करायची

मी मिरजेत एका छोट्या हॉस्पिटलचं बिलिंग बघते. बरेच पेशंट कर्नाटक सीमेपलीकडून, अथणी-रायबागकडून येतात. उधारीचं वाक्य मात्र दोन्हीकडे एकच: ‘उसाचं बिल आलं की देतो, मॅडम.’ कायद्याने कारखान्याने चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. हातात कधी पडतील हे शेतकऱ्यालाही सांगता येत नाही. तेव्हा या वाक्यावर विसंबू नका. तारीख घ्या.

पैसे राहिले म्हणून पेशंटला थांबवून ठेवणं किंवा मृतदेह अडवणं हा मार्गच नव्हे. पेशंटला असं अडवणं मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा म्हटलंय, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 खाली गुन्हा तुमच्यावरच दाखल होऊ शकतो. फाइलही दाबू नका; मागितल्यापासून 72 तासांत कागद द्यावे लागतात. डॉक्टर चिडतात, ‘मग काय धर्मादाय दवाखाना काढलाय का?’ काढलेला नाही, पण वसुलीची तयारी ॲडमिशनच्या दिवशीच करायची असते.

दरफलक लावा, राज्याच्या 2021 च्या नर्सिंग होम नियमांनुसार तो लागतोच. महात्मा फुले योजनेत बसणारा पेशंट असेल आणि तुम्ही योजनेत असाल, तर त्या उपचारांचे पैसे त्याच्याकडून घेता येत नाहीत. हे आधी तपासा. मग फॉर्मवर ‘बिल कोण भरणार’ या रकान्यात एकाच माणसाचं नाव, पत्ता आणि सही घ्या. मुलगा किंवा जावई आहे एवढ्यानं कुणी देणेकरी होत नाही. तोंडी हमी कायद्याला चालते, पण कोर्टात ती सिद्ध कोण करणार?

आयसीयूचा पेशंट असेल तर मी रोज संध्याकाळी अंतरिम बिल काढते. कागद नातेवाइकांकडे फिरवते, औषधं आणि बेडचार्ज वेगळे दाखवते, ‘आजअखेर बाकी’वर पेन ठेवून आकडा मोठ्यानं वाचते आणि तिथंच सही घेते. डिस्चार्जला होणारी निम्मी भांडणं यानं मिटतात.

तरी बाकी राहिलीच, तर असं लिहून घ्या: ‘डिस्चार्ज बिलापैकी रु. 38,000 मी देणे लागतो, ते अमुक तारखेपर्यंत देईन.’ खाली नाव, सही, तारीख. वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षं असते. ती संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून देणं कबूल केलं, तर त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं मिळतात. हप्ता घेतानाही पावतीच्या स्थळप्रतीवर त्याची सही घ्या, म्हणजे हप्त्याच्या तारखेपासूनही मुदत वाढते. रोख घेताना आयकर कायद्याची दोन लाखांची मर्यादा विसरू नका. एका पेशंटच्या बिलाचे तुकडे करून ती चुकवता येत नाही.

कोरा चेक मी घेत नाही. बिल पक्कं झाल्यावर नेमक्या रकमेचा, तारखेचा चेक घ्यावा. तो तीन महिन्यांत बँकेत टाका. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. मग समोरच्याला पंधरा दिवस, आणि तेही गेले तर पुढच्या महिन्याभरात चेक न वटल्याबद्दल कोर्टात कलम 138 ची तक्रार. मधे हप्ता आला असेल तर चेकवर तशी नोंद करा. ती न करता पूर्ण रकमेचा चेक वटवायला टाकला तर गुन्हा बसत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये सांगितलंय.

फोन ज्याची सही आहे त्यालाच. आजाराचं नाव मेसेजमध्ये नको, शेजाऱ्याकडे निरोपही नको. पेशंट गेला असेल तर वारसांकडून त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतंच मागता येतं. दहावं-तेरावं होईपर्यंत तर मी फोनच करत नाही.

कशालाच दाद नसेल तर थेट दाव्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज द्या. लोकअदालतीत हप्ते ठरले की तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, आणि त्यावर अपील नसतं.